गुळमुळीत एसे आणि लाल चिकटपट्टी

गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी मला त्यांचे एमबीएच्या अर्जासोबतचे एसे, म्हणजे निबंध, वाचायला पाठवले आणि चौघांचा प्रश्न एकच, "ताई, ॲप्लिकेशन उठून दिसायला पाहिजे, काय टाकू?" हे "काय टाकू" ऐकलं की मला माझं पहिलं वर्ष आठवतं, कारण मीही तेव्हा भेटेल त्याला हेच विचारत फिरायचे. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, यापुढे कोणी विचारलं की लिंक पाठवणार.

आधीच सांगते, मी कन्सल्टंट वगैरे नाही. मी दोन वर्षं अर्ज केले. पहिल्या वर्षी चार बिझनेस स्कूल, चार नकार, त्यातल्या तिघांनी तर इंटरव्ह्यूलाही बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी तीन स्कूल, एक ॲडमिट, एक वेटलिस्ट, एक नकार. गंमत म्हणजे मधल्या वर्षभरात माझ्यात ढिम्म काही बदललं नव्हतं. नोकरी तीच, पद तेच, जीमॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर तोच, ती परीक्षाही पुन्हा दिली नाही कारण स्कोअर पाच वर्षं चालतो. बदललं ते फक्त सांगणं. म्हणून माझ्या मताला थोडीफार किंमत असेल तर ती एवढ्यापुरतीच.

स्कोअरचं आधी उरकून टाकते कारण सगळे तिथेच अडकतात. जानेवारी २०२४ च्या शेवटी जुनं जीमॅट बंद झालं. आता जे आहे त्यात तीन सेक्शन, प्रत्येकी ४५ मिनिटं, निबंध गेला, भूमिती गेली, सेंटेन्स करेक्शन गेलं, आणि स्कोअर २०५ ते ८०५ मध्ये येतो, तोही नेहमी शेवटी ५ असलेला. त्यामुळे तुमच्या मोठ्या भावाचा ७०० आणि तुमचा ६४५ शेजारी ठेवून रडत बसू नका, पर्सेंटाइलच्या हिशोबाने दोन्ही साधारण एकाच पातळीवर आहेत. जीमॅटऐवजी जीआरई ही दुसरी परीक्षासुद्धा बहुतेक ठिकाणी चालते. स्कोअर चांगला पाहिजे, नक्कीच पाहिजे, पण चांगल्या स्कोअरची माणसं त्या ढिगात इतकी असतात की त्याने तुम्ही उठून दिसत नाही, फक्त ढिगात टिकता. हार्वर्डच्या एका बॅचला नऊशेच्या आसपास जागा, स्टॅनफर्डला त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि अर्ज हजारोंनी. एवढं डोक्यात ठेवा आणि स्कोअरचा विषय सोडा.

आता माझी फजिती.

मी एका पंप बनवणाऱ्या कंपनीत स्पेअर पार्टच्या विभागात होते. ग्लॅमर शून्य. सोबत अर्ज करणारे सगळे कन्सल्टिंगवाले, बँकवाले, स्टार्टअपवाले, आणि मी रबरी सील आणि बेअरिंगचा हिशोब ठेवणारी. माझी खात्रीच झाली होती की या प्रोफाइलला काहीतरी जोडल्याशिवाय कोणी ढुंकून बघणार नाही. मग मी जोडायला लागले. सप्टेंबरमध्ये राऊंड वनची, म्हणजे अर्जांच्या पहिल्या फेरीची, डेडलाइन आणि मी जुलैमध्ये समाजसेवा सुरू केली, म्हणजे शनिवारी दोन तास मुलांना गणित शिकवायला जायचं आणि त्याचे फोटो काढून ठेवायचे. एक ऑनलाइन सर्टिफिकेट केलं. हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं आणि ती पळायच्या आधीच एसेमध्ये घालून टाकली (नंतर पळाले, शेवटचे चार किलोमीटर चालत). ॲडकॉमची, म्हणजे प्रवेश समितीची, माणसं वर्षानुवर्षं हेच वाचतात हो, सप्टेंबरच्या तोंडावर उगवलेली समाजसेवा त्यांना तारखेवरूनच कळते, फॉर्ममध्ये तर महिना आणि आठवड्याचे तास स्पष्ट विचारलेले असतात. मुलांना शिकवू नका असं मी म्हणत नाहीये, मी नंतरही दीड वर्ष जात होते आणि ते मला मनापासून आवडायला लागलं, पण दुसऱ्या वर्षीच्या अर्जात त्याची फक्त एक ओळ होती.

आणि मुख्य एसे. नेतृत्वाचा अनुभव सांगा, असा नेहमीचा प्रश्न. मी लिहिलेलं वाक्य अजून तोंडपाठ आहे: "मी एका क्रॉस-फंक्शनल टीमचं नेतृत्व करत डेटा-ड्रिव्हन पद्धतीने परत येणाऱ्या मालाच्या मूळ कारणांचा शोध घेतला आणि ग्राहक समाधानात लक्षणीय सुधारणा घडवून आणली." अर्थात इंग्रजीत, पण मराठीत केलं तरी तेवढंच गुळमुळीत लागतंय बघा. यात खोटं काहीच नाही. पण हे वाक्य उचलून सिमेंटच्या कंपनीतल्या माणसाच्या एसेत चिकटवा, मोबाइलच्या कंपनीतल्या माणसाच्या एसेत चिकटवा, सगळीकडे बसतं. इथेच घोडं पेंड खातं.

चौथा नकार आला त्या रात्री मी तो एसे एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिचा एमबीएशी काडीचा संबंध नाही, तिला जीमॅट म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. तिने वाचलं आणि म्हणाली, "हे कोणी लिहिलंय? तू अशी कधी बोलतेस?" मी जरा चिडलेच. मग तिने विचारलं, "बरं ते जाऊ दे, त्या दिवशी सकाळी ऑफिसला जाऊन तू नक्की काय केलंस ते सांग." आणि मी जे सांगितलं ते असं.

आमचं एक सील सारखं परत येत होतं. माप चुकलं म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायचं. मी सहा महिन्यांचा डेटा काढला, सुंदर चार्ट केला, त्यात दिसत होतं की स्टोअरमधून चुकीचा माल उचलला जातोय, आणि सगळ्यात जास्त चुका एकाच शिफ्टमध्ये. महिन्याच्या मीटिंगला मी तो चार्ट भिंतीवर लावला. त्या शिफ्टचे स्टोअरकीपर, आम्ही त्यांना काका म्हणायचो, तिथेच बसले होते. वीस-बावीस माणसं होती. काका काही बोलले नाहीत, फक्त समोरची वही बंद केली आणि पेन खिशाला लावलं. मला वाटलं मी बाजी मारली.

संध्याकाळी सरांनी, म्हणजे माझ्या बॉसनी, केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "आकडे बरोबर असतील तुझे. पण एकदा तरी खाली स्टोअरमध्ये गेली होतीस का?" नव्हते गेले. "माणसाला चारचौघांत उभं करायच्या आधी एकट्याला विचारायचं असतं. उद्या जा."

दुसऱ्या दिवशी गेले. काका पहिली दहा मिनिटं "हो मॅडम, नाही मॅडम" एवढंच. मग अचानक उठले, रॅकवरून दोन पाकिटं आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "सांगा बघू, पन्नासचं कुठलं?" दोन्ही पाकिटं पांढरी. दोन्हीवर मुंगीएवढ्या अक्षरात तेरा आकडी पार्ट नंबर, फरक फक्त शेवटच्या आकड्यात. आतली सील एक ४८ मिलिमीटरची, एक ५० ची, हातात धरून मला सांगता येईना. मी अंदाजाने एक उचललं. चुकलं. काका म्हणाले, "आणि आमच्याकडे संध्याकाळच्या शिफ्टला त्या टोकाची ट्यूब चार महिने बंद आहे."

म्हणजे माझा चार्ट बरोबर होता आणि माझं म्हणणं साफ चूक होतं. पाकिटं बदला म्हणून मी वर मेल केला तर उत्तर आलं की जुन्या पाकिटांचा साठा संपल्याशिवाय नवीन छपाई नाही. मग मी लाल चिकटपट्टीचे रोल आणले आणि काका, त्यांचा एक मदतनीस आणि मी, तिघांनी मिळून तीन संध्याकाळी बसून ५० च्या प्रत्येक पाकिटावर एक पट्टी चिकटवली. ट्यूबही बदलून घेतली. पुढच्या दोन महिन्यांत त्या सीलचं परत येणं जवळजवळ थांबलं.

मैत्रीण म्हणाली, "मग हे का नाही लिहिलंस?"

मी म्हटलं, यात काय लिहायचं, यात तर मी तोंडावर पडलेय. आणि चिकटपट्टी? लोकं कंपन्या विकत घेतात, ॲप काढतात, आणि मी हार्वर्डच्या तोडीच्या माणसांना सांगू की मी पाकिटांना चिकटपट्टी लावली?

तर हो, तेच. तेच सांगायचं होतं. ते दोन पाकिटांचं कोडं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही अर्जात येऊच शकत नाही. मी वर्षभर बाहेरून काय आणून लावू हे शोधत होते आणि जे माझं स्वतःचं होतं ते लाज वाटते म्हणून "मूळ कारणांचा शोध" या तीन शब्दांखाली झाकून ठेवलं होतं. नंतर इतरांचे एसे वाचताना हेच परत परत दिसलं. जिथे वाक्य एकदम गुळगुळीत होतं, "अनेक आव्हानांवर मात करत", "विविध भागधारकांना सोबत घेऊन", तिथे खाली काहीतरी गाडलेलं असतं, कोणाशी तरी भांडण झालेलं असतं किंवा स्वतःची मोठी चूक असते, आणि खणायचं ते तिथेच.

एक सावध करते. चूक सांगायची म्हणजे रडगाणं नाही. आणि ती ठरलेली नकली चूकही नको, "मी खूप परफेक्शनिस्ट आहे" छापाची, ती वाचून कोणीही जांभई देईल. चूक सांगितली की पुढच्याच वाक्यात तुम्ही काय केलंत ते आलं पाहिजे, आणि ते हाताने केलेलं असावं, नुसतं "यातून मी शिकले की" नको. माझ्या दुसऱ्या एसेत "शिकले" हा शब्दच नव्हता, मुद्दाम काढला होता. सात ड्राफ्ट झाले. तिसऱ्यात मी उगाच त्या बंद ट्यूबवर परिच्छेद लिहून तिला अंधार-उजेडाचं प्रतीक वगैरे केलं होतं, मैत्रिणीने त्यावर काट मारून बाजूला "अगं बाई" एवढंच लिहिलं.

स्कूलचे प्रश्नही नीट बघितले तर ते हेच मागत असतात, फक्त वेगवेगळ्या दारांनी. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं विचारत आलंय की तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं आणि का, आणि त्यातला जीव त्या "का" मध्ये आहे, पहिल्या भागाचं उत्तर तर सगळे कुटुंब किंवा प्रामाणिकपणा असंच देतात. हा आणि "आमच्याकडेच का" हा, दोन्ही मिळून हजार शब्द. हार्वर्डने २०२४ मध्ये त्यांचा तो एकच मोकळा प्रश्न काढला आणि तीन छोटे प्रश्न आणले, एक ३०० शब्दांचा आणि दोन अडीचशे-अडीचशेचे. अडीचशे शब्दांत प्रस्तावना करत बसलात तर संपलंच, पहिल्या ओळीतच पाकिटं टेबलावर यायला हवीत. ड्यूकच्या फुक्वा स्कूलचा एक मस्त प्रकार आहे, स्वतःबद्दल २५ कुठल्याही गोष्टी सांगा. लोक त्यातही रेझ्युमे कोंबतात, पहिली गोष्ट प्रमोशन, दुसरी गोष्ट ॲवॉर्ड, अरे बाबा तो त्यांच्याकडे आहे ना आधीच! न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्नमध्ये सहा चित्रं आणि त्यांच्या ओळी मागतात. मी या दोन्हीकडे अर्ज केला नाही, पण २५ गोष्टींची यादी मात्र स्वतःसाठी करून बघितली आणि खरं सांगते, पहिल्या दहा भिकार निघाल्या, छापील, कोणाच्याही असू शकतील अशा. चौदाव्या-पंधराव्यापासून जरा माझा वास यायला लागला. अर्ज कुठेही करा, ही यादी करून बघाच, एका संध्याकाळचं काम आहे.

एमआयटी स्लोन मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. ते मोठा एसे मागतच नाहीत, ३०० शब्दांचं कव्हर लेटर मागतात, एक मिनिटाचा व्हिडिओ मागतात, आणि तुमच्या कंपनीचा ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली त्याचा तक्ता, मागतात, त्यात तुम्ही कुठे बसता आणि तुमचा रेकमेंडर, म्हणजे शिफारसपत्र देणारा, कुठे ते दाखवायचं. हा चार्ट काढायला बसलात की सगळी हवा निघते. माझ्या रेझ्युमेवर "नेतृत्व" हा शब्द चार वेळा होता आणि चार्टवर माझ्या खाली एकच चौकट, तीही अर्धी, कारण तो मुलगा अर्धा वेळ दुसऱ्या विभागात होता. मला आधी ते बघून कसंतरी झालं. पण मग लक्षात आलं की काका माझ्या हाताखाली नव्हतेच, ते स्टोअरच्या मॅनेजरच्या हाताखाली, मदतनीसही तिकडचाच, म्हणजे ज्यांच्यावर माझी काही सत्ता नाही अशा माणसांनी तीन संध्याकाळी माझ्यासोबत बसून पट्ट्या लावल्या. चार्टमुळे ही गोष्ट छोटी न होता उलट मोठी झाली. "माझ्या हाताखाली बारा माणसं" असं लिहिणाऱ्यांना मी हेच म्हणते, बारा माणसं आहेत ती कंपनीने दिली म्हणून, तुमच्या शब्दाखातर थांबलेलं एक माणूस दाखवा.

आता रेकमेंडेशन, म्हणजे शिफारसपत्र, जिथे मी पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा माती खाण्याचा प्रकार केला. मला वाटलं पत्र जितक्या मोठ्या माणसाचं तितकं वजन. म्हणून कंपनीच्या एका डायरेक्टरना गाठलं, त्यांची माझी भेट वर्षातून दोनदा, तीही लिफ्टमध्ये. त्यांनी "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हटलं आणि मला कोण आनंद! प्लीज हे करू नका. एक तर बऱ्याच स्कूलना ते चालतच नाही, आणि दुसरं म्हणजे तुमच्याच हातची भाषा एसेत आणि पत्रात, कोणालाही कळेल. बरीच स्कूल आता एकच सामाईक फॉर्म वापरतात, त्यात साधारण दोन प्रश्न कळीचे असतात, एक म्हणजे अशाच कामातल्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत ही व्यक्ती कशी आहे ते उदाहरणांसह सांगा, आणि दुसरा, तुम्ही हिला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कुठला आणि त्यावर तिने काय केलं. लिफ्टमध्ये भेटणारा माणूस दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर देणार? काहीच नाही, म्हणून मग आपणच लिहितो, "तिने अधिक आत्मविश्वासाने बोलावं असं मी सुचवलं," आणि ते पाणचट दिसतं.

दुसऱ्या वर्षी मी आमच्या सरांकडे गेले, डायरेक्ट बॉस. जायला महिना लावला, कारण अर्ज करणार म्हणजे नोकरी सोडणार, हे कसं सांगायचं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तीन आठवडे गेले, शेवटी एका शुक्रवारी सांगून टाकलं. ते हसले, म्हणाले, "मला मागच्या वर्षीच कळलं होतं." मी त्यांना एक पान दिलं, कुठल्या स्कूलला अर्ज करतेय, का करतेय, आणि आपण सोबत केलेल्या चार-पाच कामांची नुसती आठवण. काय लिहायचं ते सांगितलं नाही. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण इंटरव्ह्यूमध्ये समोरच्या बाईंनी पाचव्या मिनिटाला विचारलं, "त्या मीटिंगनंतर तुम्ही खाली गेलात तेव्हा स्टोअरकीपर पहिल्यांदा काय म्हणाले?" आणि मला कळलं की सरांनीही तीच गोष्ट लिहिलीय, त्यांच्या बाजूने. दोन माणसं एकच प्रसंग दोन कोपऱ्यांतून सांगतात तेव्हा तो खरा वाटतो, कारण तो खरा असतो. आम्ही ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी ठरवून सगळं जुळवलं होतं तरी ते जुळलेलं वाटत नव्हतं.

इंटरव्ह्यूचं एवढंच सांगते की काही स्कूल तुमचा पूर्ण अर्ज वाचून येतात, हार्वर्डचा अर्ध्या तासाचा इंटरव्ह्यू तसाच, आणि काही ठिकाणी समोरच्याकडे फक्त रेझ्युमे असतो. कुठलं कसं ते आधी बघून ठेवा. वॉर्टनमध्ये पाच-सहा उमेदवारांना एकत्र बसवून चर्चा करायला लावतात आणि त्यात सगळ्यात जास्त बोलणारा जिंकतो असं ज्याला वाटतं त्याचं अवघड आहे. उत्तरं पाठ करू नका. प्रसंग आठवून ठेवा, शब्द नाही. पोपटपंची पहिल्या मिनिटात उघडी पडते.

"आमच्याकडेच का" या एसेवर माझ्याकडून फार शहाणपण मिळणार नाही कारण मी पहिल्या वर्षी एका स्कूलला दुसऱ्या स्कूलच्या क्लबचं नाव लिहून पाठवलं. हो. कॉपी-पेस्ट. सबमिट केल्यावर रात्री एक वाजता दिसलं. त्यानंतर एक नियम केला, प्रत्येक स्कूलची वेगळी फाइल, कोरी, आणि त्या स्कूलच्या निदान दोन विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय तो एसे सुरू करायचा नाही. वेबसाइटवरून उचललेली प्राध्यापकांची नावं म्हणजे काही उत्तर नाही, तिथे जाऊन तुम्ही दुसऱ्यांच्या कामाला काय येणार हेही त्यात यायला लागतं. बाकी करिअरमधली गॅप, एखाद्या वर्षीचे घसरलेले मार्क, हे सगळं ऑप्शनल एसेमध्ये चार ओळींत, कारण सांगून, मोकळं व्हायचं. तिथे दुसरा एसे लिहायचा नाही.

आणि हो, चॅटजीपीटी. चौघांपैकी दोघांचे एसे त्याचेच होते, मी विचारायच्या आधी त्यांनीच कबूल केलं. नक्कल हा प्रकार नवा नाही, २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या अँडरसन स्कूलने नक्कल सापडली म्हणून पन्नासेक अर्ज बाद केले होते, तेव्हा लोकं इंटरनेटवरून परिच्छेद उचलायची. आता उचलावं लागत नाही, तयार करून मिळतं. एआय वापरायचं की नाही याचे प्रत्येक स्कूलचे नियम वेगळे आहेत, ते वाचा, खोटं डिक्लरेशन देऊ नका. पण पकडलं जाण्याचं सोडूनच द्या, माझी अडचण वेगळीच आहे. त्याला पाकिटं माहीत नाहीत. काकांनी वही बंद करून पेन खिशाला लावलं हे त्याला कसं कळणार? ते तुम्हाला तेच देणार जे मी पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने, रात्री जागून, घाम गाळून लिहिलं होतं, तेच क्रॉस-फंक्शनल, तेच लक्षणीय सुधारणा. स्पेलिंग तपासायला वापरा खुशाल.

चौथा मुलगा, त्याचा एसे "लहानपणापासून मला नेतृत्वाची आवड" असा सुरू होतो. परवा फोनवर अर्धा तास इकडचं तिकडचं बोलताना त्याच्या तोंडून सहज निघालं की त्याने एकदा पगाराच्या शीटमध्ये चुकीचा कॉलम ओढला आणि अडीचशे लोकांना कमी पगार गेला, मग तो दोन दिवस एकेका माणसाला स्वतः फोन करून सांगत होता. मी ओरडलेच, अरे हे लिही ना! तर म्हणतो, "ताई, ते काय लिहायचं, नोकरी जाता जाता वाचली माझी." दुसरा ड्राफ्ट रविवारी पाठवतो म्हणालाय. बघू.

ॲडमिट आल्यावर शेवटच्या आठवड्यात मी स्टोअरमध्ये जाऊन आले. जुनी पाकिटं संपली होती, नवीन पाकिटांवर आता छापीलच लाल पट्टा आहे, चिकटपट्टी लागत नाही. काकांना सांगितलं की माझ्या निबंधात तुम्ही आहात, तुमच्यावरच तरलेय. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "नाव नाही ना घातलंत?"

नाही म्हटलं. इथेही नाही घातलंय, काका.